शाळेच्या पटांगणात पाखरांची मोजणी

मंडळी, मोजणी आपल्याला नवी नाही. खळ्यावर धान्य आले की आपण ते मोजून पोत्यात भरतो. डेअरीत दूध घातले की किती लिटर झाले ते वहीत मांडून घेतो. सरकारी माणूस दारी येतो आणि घरात माणसे किती, बायका किती, पोरे किती, हे लिहून नेतो. गुरांचीसुद्धा गणना होते. आपल्या देशात ती १९१९-२० साली सुरू झाली.

पण पाखरे कोणी मोजतो का? आणि मोजली तरी ती कशापायी? पाखरू आज या झाडावर, उद्या त्या झाडावर. त्याला ना मालक, ना दावे. तुम्ही म्हणाल, रिकामटेकड्यांचा उद्योग आहे हा!

आम्हांलाही आधी तसेच वाटले होते. पण जगात काही ठिकाणी शाळेतली पोरे पटांगणात बसून पाखरे मोजतात आणि त्या मोजणीतून मोठी माणसे शहाणी होतात. हे कसे घडते, ते या पाठात पाहू.

विलायतेतली शाळा

विलायतेत, म्हणजे ब्रिटनमध्ये, पाखरांचे रक्षण करणारी एक जुनी संस्था आहे. तिचे नाव रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स. ती १८८९ साली बायकांनी सुरू केली. त्या काळी तिकडे टोपीत पिसे खोवण्याची मोठी हौस होती. त्या पिसांसाठी लाखो पाखरे मारली जात. काही बायकांना ते पाहवेना. त्यांनी ठरवले, पिसांची टोपी घालायची नाही. त्यातून ही संस्था उभी राहिली.

या संस्थेने १९७९ साली मुलांना एक काम सांगितले. काम सोपे होते. थंडीच्या दिवसांत एका दिवशी एक तास बागेत पाखरे बघायची, किती दिसली ते कागदावर लिहायचे आणि कागद टपालाने धाडायचा. मुलांच्या एका दूरदर्शन कार्यक्रमात ही गोष्ट सांगितली गेली. संस्थेला वाटले, काही शे पत्रे येतील. आली ३४,००० च्या वर! तेव्हापासून ही मोजणी दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस होते. २००१ सालापासून मोठ्या माणसांनाही बोलावले. आता दरवर्षी पाच लाखांहून अधिक माणसे तीत भाग घेतात.

पुढे २००२ सालापासून शाळांची मोजणी वेगळी होऊ लागली. ती जानेवारी-फेब्रुवारीत असते. गुरुजी किंवा बाई वर्गाला घेऊन पटांगणाच्या कडेला बसतात. थंडी एवढी की पोरांच्या अंगात जाड कोट आणि हातात मोजे. काही शाळा वर्गाच्या खिडकीतूनच बघतात. आठ-पंधरा दिवस आधीपासून पोरे झाडाला दाणे टांगून ठेवतात, थाळीत पाणी ठेवतात. म्हणजे पाखरांना जागेची सवय होते.

मोजणी थंडीतच का? तिथल्या थंडीत बऱ्याच झाडांची पाने गळून जातात, त्यामुळे पाखरे डोळ्यांना दिसतात. किडे मिळत नाहीत, म्हणून ती दाण्यासाठी वस्तीजवळ येतात. शिवाय त्याहून थंड मुलखांतली काही पाखरे त्या दिवसांत तिकडे पाहुणी आलेली असतात.

त्यांच्या पटांगणात कोणती पाखरे येतात? एक असते काळेभोर, पिवळ्या चोचीचे. ते आपल्याकडच्या कस्तुराच्या नात्यातले. शाळांच्या मोजणीत बरीच वर्षे तेच सर्वांत जास्त शाळांत दिसत असे. एक असते तांबड्या छातीचे, लहानसे, रॉबिन नावाचे. एक असते अंगावर ठिपके असलेले. ते आपल्या साळुंकीच्या कुळातले. रानकबुतरे असतात, कावळे असतात. समुद्र जवळ असला तर समुद्रपक्षीही येतात. आणि चिमणी? ती तर हवीच. आपल्या घरात येते त्याच जातीची चिमणी तिकडेही आहे.

मोजायचे कसे?

आता खरी मेख इथे आहे. पाखरू काही ओळीत उभे राहत नाही. तेच पाखरू दहा वेळा येऊन जाते. मग मोजायचे कसे?

त्यासाठी एक साधा नियम आहे. तासाभरात एका वेळी एकत्र जास्तीत जास्त जेवढी दिसली, तेवढीच लिहायची.

एक उदाहरण घेऊ. तास सुरू झाला. आधी तीन चिमण्या आल्या. त्या उडाल्या. थोड्या वेळाने पाच आल्या. त्याही गेल्या. मग चार आल्या. आता लिहायचे किती? कोणी म्हणेल, तीन आणि पाच आणि चार, झाल्या बारा. पण हे चूक. पहिल्या तीनच चिमण्या दोन सोबतिणी घेऊन परत आल्या नसतील कशावरून? चिमणीच्या गळ्यात काही चिठ्ठी नसते. पाच चिमण्या मात्र आपण एकाच वेळी पाहिल्या. म्हणजे निदान पाच तर आहेतच. म्हणून लिहायचे पाच.

दुसरा नियम. जे पाखरू पटांगणात, झाडावर किंवा भिंतीवर उतरले, तेच मोजायचे. वरून उडत गेलेला थवा मोजायचा नाही. तो कुठून आला, कुठे गेला, कोणाला ठाऊक?

तिसरा नियम. जे दिसले तेवढेच लिहायचे. काही दिसले नाही तर तसे लिहायचे. पुष्कळ पोरांना वाटते, आपल्या शाळेत काहीच आले नाही, म्हणजे आपली फजिती झाली. मग ती दोन-चार पाखरे पदरची घालतात. हे करू नये. पाखरू आले नाही, हीसुद्धा एक खबर आहे. विहिरीला पाणी लागले नाही हे लपवून ठेवले तर पाणी थोडेच लागणार आहे?

पोरांची मोजणी खरी कशी धरायची?

तुमच्या मनात शंका आली असेल. पोरे ती पोरेच. कोणी होल्याला पारवा म्हणेल, कोणी चारच्या जागी सहा लिहील. अशा मोजणीवर भरवसा कसा ठेवायचा?

एका शाळेची मोजणी घेतली तर फारसा भरवसा ठेवता येत नाही, हे खरे. पण हजारो ठिकाणांहून आकडे येतात. कोणी जास्त लिहितो, कोणी कमी लिहितो. एवढ्या आकड्यांत एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीत बरीचशी जिरून जाते. आणि दरवर्षी त्याच दिवसांत, त्याच नियमाने मोजतात, ही मोठी गोष्ट. समजा, तुमच्या घरचा काटा थोडा हलका दाखवतो. पण दरवर्षी त्याच काट्यावर माल घातला, तर यंदा माल वाढला की घटला, हे त्या काट्यावरही कळतेच की नाही? तसेच हे आहे.

मग सगळ्या आकड्यांची सरासरी काढतात. सरासरी म्हणजे काय? एका बागेत चार चिमण्या दिसल्या, दुसरीत सहा, तिसरीत दोन. एकूण झाल्या बारा. बागा तीन. बाराला तीनने भागले, आले चार. म्हणजे बागेमागे चार चिमण्या.

यातही घाई करून चालत नाही. एखाद्या वर्षी वारा जास्त असतो, पाऊस असतो, रानात खाणे भरपूर असते. मग पाखरे बागेत कमी येतात. एका वर्षाच्या आकड्यावरून आरडाओरडा करायचा नाही. दहा-वीस वर्षांचे आकडे ओळीने मांडले, म्हणजे खरा कल दिसतो.

आकड्यांनी काय सांगितले?

१९७९ साली तिकडे बागेमागे सुमारे दहा चिमण्या दिसत. अलीकडच्या वर्षांत चारच्या आसपास दिसतात. त्या साळुंकीच्या कुळातल्या पाखरांचे तर आणखी वाईट झाले. तेव्हा बागेमागे पंधरा होती, आता दोन-तीन उरली आहेत. रानकबुतरे मात्र कितीतरी पटींनी वाढली.

गंमत पाहा. बागांच्या मोजणीत चिमणी आजही पहिल्या नंबरावर असते. यादी वाचणाऱ्याला वाटेल, चिमणीला काय धाड भरली आहे? पण वर्गात पहिला आलेला मुलगा शंभरात चाळीस गुण मिळवूनही पहिला येऊ शकतो. पहिला नंबर पाहून भागत नाही. मागचा आकडाही पाहावा लागतो. जुने आकडे लिहून ठेवले नसते, तर चिमण्या निम्म्याहून कमी झाल्या हे कोणाच्या ध्यानात आले असते?

हिरव्या पिसांचे एक दाणे खाणारे पाखरू आहे. तेही या मोजणीत घटत गेलेले दिसले. शोध केला तेव्हा कळले, की त्याला घशाचा रोग होतो. आजारी पाखराची लाळ लागलेला दाणा दुसऱ्याने खाल्ला की त्यालाही रोग लागतो. म्हणजे माणसांनी मायेने टांगलेल्या दाण्याच्या भांड्यांतून रोग पसरत होता! तेव्हापासून संस्था सांगू लागली, दाण्याचे भांडे वरचेवर धुवा, पाणी रोज बदला. नुसती माया असून भागत नाही, रीतही माहीत असावी लागते.

आपल्याकडची गिधाडे

विलायतेची गोष्ट पुष्कळ झाली. आता आपल्याकडचे सांगतो. हे ऐकलेत म्हणजे मोजणीचे मोल पटेल.

आपल्या लहानपणी गावात जनावर मेले, की ते गावाबाहेर टाकत. घटका-दोन घटकांत आकाशात गिधाडे फिरू लागत. थवाच्या थवा खाली उतरे आणि पाहता पाहता हाडे तेवढी उरत. ना घाण, ना दुर्गंध. गिधाड दिसायला ओंगळ खरे, पण काम सफाईचे.

आज तो थवा कुठे आहे? पुष्कळ गावांत तरण्या पोरांनी गिधाड पाहिलेलेच नाही.

काही अभ्यासक पूर्वीपासून गिधाडे मोजत होते. राजस्थानात भरतपूरच्या अभयारण्यात घरटी मोजलेली होती. रस्त्यांच्या कडेने मैलोगणती फिरून दिसतील ती गिधाडे मोजलेली होती. पुन्हा मोजली, तेव्हा अभ्यासक हादरले. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ साली जिथे हजार होती, तिथे २००७ साली एक उरले होते. हजारात एक! एवढ्या थोड्या वर्षांत एवढी नासाडी क्वचितच कोणत्या पाखराची झाली असेल.

कारण काय? कोणी म्हणाले, साथीचा रोग असेल. कोणी म्हणाले, कीटकनाशक असेल. शोध चालू राहिला. २००४ साली पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून कारण सापडले. डायक्लोफिनॅक नावाचे एक औषध आहे. दुखण्यावर, सुजेवर ते देतात. गुरांनाही त्याचे इंजेक्शन देत. इंजेक्शन घेतलेले जनावर थोड्याच दिवसांत मेले, तर त्याच्या मांसात ते औषध उरते. ते मांस गिधाडाने खाल्ले, की त्याची मूत्रपिंडे बंद पडतात आणि ते मरते. एका मेलेल्या बैलावर पन्नास गिधाडे उतरतात. म्हणजे एका इंजेक्शनात किती गेली, याचा हिशेब तुम्हीच करा.

यात शेतकऱ्याचा दोष नव्हता. त्याने बैलाचे दुखणे कमी व्हावे म्हणून औषध दिले. त्याला हे कोणी सांगितलेच नव्हते.

सरकारने २००६ साली हे औषध गुरांसाठी बंद केले. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या आणून काही ठिकाणी ते गुरांना टोचत. म्हणून २०१५ साली मोठ्या बाटल्याही बंद केल्या. पुढे २०२३ साली गिधाडांना घातक असलेली आणखी दोन औषधे, अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन, गुरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम नावाचे दुसरे औषध आहे. ते दुखणेही कमी करते आणि गिधाडांना त्याची बाधा होत नाही. गुरांच्या डॉक्टरांना हे ठाऊक असते. आपण विचारायचे, "डॉक्टरसाहेब, हे इंजेक्शन गिधाडांना चालणारे आहे ना?" एवढे विचारायला पैसे पडत नाहीत.

आता सांगा, कोणी आधी मोजून ठेवले नसते तर काय झाले असते? गिधाडे गेली असे लोक म्हणाले असते. पण किती गेली, कधी गेली, कुठे गेली, हे कोणाला सांगता आले नसते. आणि औषध बंद करा, असे सरकारला कोणत्या तोंडाने म्हटले असते?

आपल्या शाळेत ही मोजणी होऊ शकते

आपल्या देशातही आता दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस पाखरांची मोजणी होते. ती जगभर होते. आपला देश तीत २०१३ साली सामील झाला. शाळा-कॉलेजांच्या आवारातली पाखरेही त्या वेळी मोजतात. निदान पंधरा मिनिटे बघायचे आणि दिसलेल्या पाखरांची यादी मोबाइलवरून पाठवायची. २०२३ साली भारतातल्या पाखरांचा एक मोठा अहवाल निघाला. त्यात ९४२ जातींचा विचार आहे. त्यासाठी सुमारे ३०,००० माणसांनी लिहिलेल्या नोंदी उपयोगी पडल्या.

चिमणीचे काय, हेही नोंदींतून कळले. २०२० सालच्या अशाच अहवालात दिसले, की मोठ्या शहरांत चिमण्या घटल्या, पण देशभराचा विचार केला तर त्या बऱ्याच अंशी टिकून आहेत. कौलाच्या फटीत, वळचणीला चिमणी घरटे करते. सिमेंटच्या गुळगुळीत घरात तिला फट कुठून मिळणार? पिलांना ती किडे भरवते. औषध मारून किडे संपवले, तर ती चोचीत काय आणणार? आपल्या गावात चिमणी अजून आहे. ती राहावी असे वाटत असेल, तर आजच तिच्याकडे लक्ष द्यायला हवे.

आपल्या शाळेत मोजणी करायची तर फार सामान लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि एक घड्याळ पुरे. पाच-पाच पोरांचा गट करावा. चौघांनी बघावे, एकाने लिहावे. सकाळची वेळ धरावी, कारण तेव्हा पाखरे चरायला बाहेर पडतात. बोलणे हळू, पळापळ नाही, गलोल घरी. वहीत आधी तारीख, वेळ आणि जागा लिहावी. मग नाव आणि पुढे आकडा. चिमणी, कावळा, साळुंकी, होला, बुलबुल, पोपट, कोतवाल, भारद्वाज, जे उतरेल ते. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत, त्याच जागी, तेवढाच वेळ पुन्हा मोजावे.

इथे तुमची गरज आहे, मंडळी. पोरांना अक्षरे येतात, पण पाखरांची नावे येत नाहीत. तुम्हांला ती येतात. कोणते पाखरू कसे बोलते, पावसाआधी कोणते ओरडते, शेपूट हलवणारा धोबी पक्षी थंडीत येतो आणि उन्हाळा लागला की जातो, हे तुम्ही शेतात राबताना पाहिले आहे. ते पोरांना सांगा. त्या दिवशी शाळेत जा आणि पोरांच्या शेजारी बसा. ती लिहितील, तुम्ही ओळख पटवा. नाही तर तुम्ही लिहा आणि पोरांना बघू द्या. आता तुम्हांलाही लिहिता येते.

आपण पारावर बसलो की नेहमी म्हणतो, "आमच्या लहानपणी चिमण्या खूप होत्या." खूप म्हणजे किती? वीस, की दोनशे? हे आता कोणालाच सांगता येणार नाही, कारण तेव्हा कोणी लिहून ठेवले नाही. आपल्या आईबापांना पाखरे सगळी ठाऊक होती, पण लिहिणे ठाऊक नव्हते. आपली नातवंडे उद्या विचारतील, तेव्हा त्यांना "खूप" असे उत्तर द्यायची वेळ येऊ नये. वहीचे एक पान त्यासाठी राखून ठेवा. वर तारीख घाला. खाली लिहा: चिमणी, आणि तिच्यापुढे आकडा.